अनोळखी इसमाची दहा बोटे

वृत्तपत्राच्या आतल्या पानावर, निविदा आणि नावबदलाच्या जाहिरातींच्या शेजारी, एक लहानशी चौकट अधूनमधून येते. अनोळखी पुरुष, वय अंदाजे ४५ ते ५०, रंग सावळा, बांधा मध्यम, अंगात निळा चौकड्यांचा सदरा, उजव्या मनगटावर ‘आई’ असे गोंदलेले. ओळखणाऱ्यांनी पोलीस ठाण्याशी संपर्क साधावा. मनगटावर ‘आई’ गोंदवलेली माणसे महाराष्ट्रात किती असतील, याची गणती कोणी करू नये. सोबत छायाचित्र असलेच, तर ते पाहून सख्ख्या बहिणीनेही भावाला ओळखावे अशी त्याची स्थिती क्वचितच असते.

मुंबईच्या उपनगरी लोहमार्गांवर अलीकडच्या वर्षांत दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसांनी प्राण गमावले आहेत. त्यांतील अनेकांच्या खिशात पास, पाकीट किंवा फोन सापडत नाही. ‘अकस्मात मृत्यू’ अशी नोंद होते, पंचनामा होतो, शवविच्छेदन होते, देह शवागारात जातो. काही काळ वाट पाहून पोलीसच त्याच्यावर अंत्यसंस्कार करतात. किंवा १९४९ च्या ॲनाटमी कायद्यान्वये तो वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्वाधीन होतो. या कामावरचे हवालदार आणि शवागारातील कर्मचारी पुष्कळदा पदरमोड करून कापड आणि फुले आणतात, हेही नोंदवले पाहिजे.

इकडे देहाचे सारे आटोपते. तिकडे कोणा एका घरात मात्र काहीच संपत नाही. बेपत्ता व्यक्तीला कायद्याने मृत मानण्यासाठी सात वर्षे तिची काहीही खबर नसावी लागते. तोवर मृत्यूचा दाखला नाही. दाखला नाही म्हणून विमा नाही, सातबाऱ्यावर वारसनोंद नाही, बँकेतील ठेव जागच्या जागी. पत्नीने कुंकू लावावे की पुसावे, घराने सुतक धरावे की दार उघडे ठेवावे, याचा निर्णय कोणालाच करता येत नाही. मुलीचे लग्न ठरवायचे तर पत्रिकेत वडिलांच्या नावामागे काय लिहायचे, येथपासून प्रश्न असतो.

आणि त्याच माणसाच्या दहा बोटांचे ठसे व दोन्ही बुबुळांच्या प्रतिमा शासनाच्या संगणकात बहुधा जपून ठेवलेल्या असतात. आधारची नोंदणी १३० कोटींच्या पुढे गेलेली आहे. मग शवागारातील बोट यंत्रावर टेकवून नाव का विचारू नये?

हाच प्रश्न एका वकिलाने २०१८ मध्ये जनहित याचिकेद्वारे दिल्ली उच्च न्यायालयात मांडला. आधार प्राधिकरणाने उत्तर दिले की, हे तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही आणि कायद्यालाही धरून नाही. आधारची पडताळणी एकास एक अशी होते. माणूस आधी आपला क्रमांक सांगतो, मग बोट लावतो आणि ‘तो हाच का’ एवढेच यंत्र पाहते. नुसत्या बोटावरून ‘हा कोण’ हे सांगण्यासाठी ती रचना केलेली नाही.

उत्तर खरे आहे. पण ते अर्धे आहे. २०२१ मध्ये नागपूरला घडलेली एक घटना पाहावी. लहानपणी हरवलेल्या आणि तेथील एका दांपत्याने सांभाळलेल्या एका मतिमंद मुलाला शाळेसाठी आधार हवे होते. नोंदणी पुन्हा पुन्हा नाकारली गेली. केंद्रावरील अधिकाऱ्याने खोलात जाऊन पाहिले, तेव्हा या मुलाचे ठसे जबलपूर येथे पूर्वीच नोंदले गेल्याचे उघड झाले, आणि सुमारे दहा वर्षांनी तो आपल्या घरी पोहोचला. एकाच व्यक्तीला दोन क्रमांक मिळू नयेत म्हणून प्रत्येक नव्या अर्जदाराचे ठसे व बुबुळे आधीच्या साऱ्या नोंदींशी ताडून पाहिली जातात. म्हणजे कोट्यवधींतून एकाला शोधणारे यंत्र अस्तित्वात आहे. ते जिवंतांच्या नोंदणीच्या वेळीच चालते, एवढेच.

तांत्रिक अडचणी नाहीत असे मुळीच नाही. पाण्यातून काढलेल्या देहाची कातडी सुरकुतते किंवा सुटून येते. तज्ज्ञ बोटाच्या अग्रभागी द्रव टोचून ते पुन्हा फुगवतात आणि मग ठसा घेतात. गवंडी, ऊसतोडणी कामगार, धुणीभांडी करणाऱ्या स्त्रिया यांची बोटे रेशन दुकानातील यंत्राला जिवंतपणीच ओळखता येत नाहीत. मृत्यूनंतर ती अधिक बोलकी कशी होतील? बुबुळ लवकर धूसर होते, तरी शवागाराच्या थंडीत ठेवलेल्या काही देहांची बुबुळे तीन आठवड्यांपर्यंत जुळवता आल्याचे वॉर्सातील संशोधकांनी दाखवले आहे. साऱ्या प्रकरणांत उत्तर मिळणार नाही, हे गृहीत धरूनच चालावे.

खरी अडचण कायद्यात आहे. २०१६ च्या आधार कायद्याचे कलम २९ सांगते की, ठसे व बुबुळे कोणत्याही कारणास्तव कोणालाही द्यावयाची नाहीत, आणि आधार निर्मिती व पडताळणी सोडून अन्य कामासाठी वापरावयाची नाहीत. राष्ट्रीय सुरक्षेसाठी कलम ३३ मध्ये अपवाद आहे. अनोळखी मृतासाठी नाही. त्याच कलमान्वये न्यायालय नाव-पत्त्यासारखी माहिती देण्याचा आदेश करू शकते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हा अधिकार उच्च न्यायालयाकडे आला, आणि आदेशापूर्वी संबंधित आधारधारकाचे म्हणणे ऐकणे बंधनकारक झाले. येथे आधारधारक शवागारात आहे. कायदा करताना त्याचा विचार कोणाच्याही मनात आला नव्हता, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता?

मात्र हे कुंपण उगाच घातलेले नाही. वास्को येथे एका लहान मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या तपासात गोव्यातील आधारधारकांचे ठसे मागण्यात आले होते. मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय ते देण्यास मनाई केली. गुन्हा अत्यंत घृणास्पद होता. पण एका गुन्हेगारासाठी साऱ्या राज्याला संशयितांच्या रांगेत उभे करणे न्यायालयाला मान्य झाले नाही, आणि ते योग्यच झाले. २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला, २०१८ च्या आधार निकालाने बंधने आणखी आवळली. मृतासाठी उघडलेली फट उद्या जिवंतांवर पाळत ठेवण्याचे दार होईल, ही भीती काल्पनिक नाही.

तोवर पोलिसांच्या हाती आहे ती ‘नॅफिस’ ही राष्ट्रीय अंगुलिमुद्रा प्रणाली. ऑगस्ट २०२२ मध्ये तिचे औपचारिक उद्घाटन झाले. त्याआधीच, एप्रिलमध्ये, मध्य प्रदेशाने तिच्या साह्याने एका मृताची ओळख पटवली होती. परंतु तिच्यात ठसे आहेत ते अटक झालेल्यांचे आणि शिक्षा झालेल्यांचे. पाकीटमार म्हणून एकदा पकडला गेलेला माणूस मेला तर त्याच्या घरी निरोप जातो. जन्मात पोलीस ठाण्याची पायरी न चढलेला मुनीम बेवारस ठरतो!

डीएनएची वाटही अर्धवट राहिली. लोकनीती फाउंडेशनची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये विधेयकाच्या आश्वासनावर निकाली काढली. बेपत्ता व्यक्ती आणि अनोळखी मृत यांच्या स्वतंत्र सूची असलेले ते विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत पुन्हा आले आणि २०२३ मध्ये मागे घेतले गेले. शेजारी कराचीत एधी संस्थेच्या शवागारातील देहांचे ठसे राष्ट्रीय नोंदणीशी ताडून काहींची घरे शोधली गेली आहेत; तरी मवाच गोठच्या दफनभूमीत नावांऐवजी क्रमांकांच्या पाट्या असलेली थडगी आहेतच, कारण ज्याची नोंदच नाही त्याला कोणतेही यंत्र ओळखणार नाही.

यातून मार्ग निघू शकतो, आणि तो अरुंदच असावा. ठसे प्राधिकरणाच्या बाहेर जाऊ नयेत; मृताचे ठसे आत जावेत. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचा दाखला आणि दंडाधिकाऱ्यांचा लेखी आदेश असेल तरच जुळणी व्हावी, उत्तरात फक्त नाव व पत्ता यावा, आणि प्रत्येक मागणीची नोंद संसदेपुढे जावी. घटनास्थळी सापडलेल्या ठशासाठी, म्हणजे जिवंत संशयितासाठी, ही वाट पूर्णतः बंद असावी. आणखी एक नाजूक बाब विसरता येणार नाही: छळाला कंटाळून घर सोडलेली स्त्री मृत सापडली, तर निरोप प्रथम कोणाला द्यायचा? नोंदीतील पत्ता सासरचा असेल, आणि तेथेच तिच्या मृत्यूचे कारणही असू शकेल.

कायदा बदलेपर्यंत कुटुंबांच्या हाती थोडेच आहे, पण ते करण्याजोगे आहे. माणूस हरवला तर तक्रारीत केवळ कपड्यांचे वर्णन न देता जुने अस्थिभंग, दातांची कवळी, गोंदण, शस्त्रक्रियेचे व्रण लिहावेत. बदललेल्या गुडघ्यावर किंवा खुब्यावर उत्पादकाचा क्रमांक बहुधा कोरलेला असतो आणि त्याची चिठ्ठी रुग्णालयाच्या कागदांत मिळते. ती फेकू नये. दंतवैद्याकडील क्ष-किरण चित्रे मागून ठेवावीत. रक्ताच्या नात्यातील कोणीतरी डीएनए नमुना देण्याची तयारी तक्रारीतच लेखी कळवावी. घरातील वृद्धांना विस्मरण होऊ लागले असेल, तर त्यांच्या सदऱ्याच्या कॉलरमागे किंवा लुगड्याच्या काठाला, आतल्या बाजूने, दोन दूरध्वनी क्रमांक शिवून द्यावेत. एक घरचा आणि एक शेजाऱ्यांचा.