मोठ्यांचे विनोद आणि तुमचे वय

एक माणूस रंगमंचावर येतो. त्याच्या हातात माइक असतो. बाजूला एक उंच स्टूल आणि त्यावर पाण्याचा पेला असतो. सोबत दुसरा नट नसतो, वाद्ये नसतात. तो तासभर एकटाच बोलतो आणि समोरचे लोक पोट धरून हसतात. याला स्टँड-अप कॉमेडी म्हणतात. मोबाइलवर तुम्ही तिचे किती तरी तुकडे पाहिले असतील. त्यांतले काही कार्यक्रम सर्वांसाठी असतात, तर काही केवळ प्रौढांसाठी. हे दुसऱ्या प्रकारचे कार्यक्रम तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींनी ऐकावेत का? माझे उत्तर 'इतक्यात नको' असे आहे. पण त्याचे जे कारण घरोघरी सांगितले जाते, ते मला फारसे पटत नाही.

ते कारण म्हणजे शिव्या. "त्यात घाण शब्द असतात, बंद कर ते," असे अब्बा म्हणतात आणि विषय तिथेच संपतो.

याच कारणावरून अमेरिकेत एक मोठा खटला झाला होता. जॉर्ज कार्लिन हे तिथले नामवंत विनोदकार. रेडिओवर आणि दूरचित्रवाणीवर कोणते शब्द उच्चारता येत नाहीत, याच विषयावर त्यांनी विनोदी भाषण रचले होते. ३० ऑक्टोबर १९७३ रोजी दुपारी दोनच्या सुमारास न्यूयॉर्कच्या एका रेडिओ केंद्राने त्याचे ध्वनिमुद्रण ऐकवले. काही श्रोत्यांना हे आवडणार नाही, अशी सूचनाही आधी दिली होती. त्या वेळी एक गृहस्थ मुलाला घेऊन मोटारीतून जात होते. त्यांच्या कानांवर ते शब्द पडले. त्यांनी सरकारी आयोगाकडे तक्रार केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७८ साली पाच विरुद्ध चार अशा मतांनी निकाल लागला. असे भाषण कायमचे बंद करा, असे न्यायालयाने म्हटले नाही. परंतु रेडिओ थेट घरात येतो, तो मुलेही ऐकतात. म्हणून अशा वेळी हे शब्द ऐकवल्यास आयोगाला कारवाई करता येईल, असे ठरले.

निकालपत्रात त्या मुलाचा उल्लेख 'लहान मुलगा' असा आहे. प्रत्यक्षात तो पंधरा वर्षांचा होता, म्हणजे आपल्याकडच्या दहावीतल्या मुलाएवढा. हे शब्द त्याने आधी कधी ऐकलेच नसतील, असे मला वाटत नाही. शाळेच्या मैदानावर आणि बसथांब्यावर सगळे शब्द फुकट ऐकायला मिळतात!

आपल्या देशातही वयाची मोजणी आहे. चित्रपटाला प्रमाणपत्र मिळते. २०२३ साली कायद्यात बदल झाला आणि पालकांच्या देखरेखीखाली पाहायच्या चित्रपटांसाठी सात, तेरा आणि सोळा वर्षे अशा पायऱ्या करण्यात आल्या. इंटरनेटवरून चित्रपट व मालिका दाखवणाऱ्या कंपन्यांनाही २०२१ च्या नियमांनुसार अशाच खुणा कराव्या लागतात. या पायऱ्या मला योग्य वाटतात, कारण तेरा वर्षांचा मुलगा आणि सतरा वर्षांचा मुलगा यांत पुष्कळ अंतर असते. पण दीड तासाच्या कार्यक्रमातून कोणी अर्ध्या मिनिटाचा तुकडा कापून तुम्हांला पाठवला, तर त्या तुकड्यावर बहुधा कसलीच खूण नसते. विनोदाच्या आधी काय बोलणे झाले आणि नंतर काय झाले, हेही त्यात नसते.

खरी अडचण इथेच आहे. तिकीट काढून आलेल्या प्रौढ माणसाला माहीत असते की, समोरचा माणूस सोंग करतो आहे. तो बायकोविषयी, कोणाच्या रंगाविषयी, जाडेपणाविषयी वाईट बोलतो, तेव्हा कधी कधी तो असे बोलणाऱ्या माणसाचीच थट्टा करत असतो. हे ओळखायला थोडे जग पाहिलेले असावे लागते. चौदाव्या वर्षी विनोद पाठ होतो, सोंग मात्र लक्षात येत नाही. मग दुसऱ्या दिवशी तेच वाक्य वर्गातल्या एका सावळ्या मुलीला ऐकवले जाते. तिथे रंगमंच नसतो, तिकीट नसते. सगळे हसतात आणि ती मुलगी आठ दिवस शाळेत येत नाही. त्या वाक्यात एकही शिवी नसते.

तुमच्यापैकी अनेकांना याचा अनुभव असेल. मराठीतला 'ळ' तुमच्या जिभेवर लवकर बसत नाही. 'शाळा' म्हणताना 'शाला' होते, 'ण' चा 'न' होतो. एखादा माणूस बाजारात किंवा कार्यालयात तुमची नक्कल करतो आणि भोवतालचे लोक हसतात. अशा वेळी 'अहो, विनोद होता तो' हे ऐकून तुमचे समाधान होते का? वेश, दाढी, बोलण्याची ढब यांवर केलेले विनोद मोठ्यांच्या कार्यक्रमांत पुष्कळ असतात. ते ऐकताना मनात जी कळ येते, ती लक्षात ठेवा. दुसऱ्या कोणाच्या भाषेवर, जातीवर वा गरिबीवर तुम्ही हसता, तेव्हा तीच कळ त्याला येत असते.

पितरस बुखारी यांचे उर्दू लेख तुमच्यापैकी काहींनी वाचले असतील. ते कुत्र्यांना घाबरतात, पहाटे उठायचे ठरवून झोपून राहतात आणि आपली फजिती स्वतःच सांगतात. पु. ल. देशपांडे यांनी 'बटाट्याची चाळ' मधली माणसे एकट्याने रंगमंचावर उभी केली. तिथल्या माणसांची थट्टा आहे खरी, पण ती शेजाऱ्याने शेजाऱ्याची करावी तशी आहे. या दोघांना घरातल्या सर्वांसमोर दाद देता येते.

म्हणून प्रौढांचा सगळा विनोद वाईट, असे मी म्हणणार नाही. कार्लिन यांच्या त्या भाषणात भाषेविषयी एक खरा प्रश्न होता: शब्द वाईट कोण ठरवतो? आज काही विनोदकार सत्तेविषयी, आजारपणाविषयी, बापलेकांतल्या अबोल्याविषयी बोलतात. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला त्यातून चार गोष्टी कळू शकतात. पालकांनी सरसकट बंदी घातली, तर मुले पांघरुणात शिरून कानांत हेडफोन घालून ऐकतात. मग न समजलेले कोणाला विचारणार? त्यापेक्षा आपा किंवा भाईजान यांनी आधी स्वतः तो कार्यक्रम पाहावा आणि मग सोबत बसून दाखवावा. सोबत बसण्याचा संकोच वाटला, तर तो कार्यक्रम आणखी दोन वर्षांनी पाहता येईल.

आणि एखादा तुकडा वर्गमित्राला पाठवण्यापूर्वी एवढे करून पाहा: ज्याच्यावर तो विनोद आहे, तो माणूस तुमच्या बाकावर शेजारी बसला आहे असे समजा आणि मग तो मोठ्याने सांगून पाहा.