सुईच्या वेळचा खेळ

अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग. त्यावरचे उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. तेवढ्या काळात पोर्टमध्ये (औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेल्या छोट्या डबीत) सुई घालणे, मणक्यातले पाणी काढून औषध सोडणे, बोन मॅरो तपासणे हे वारंवार करावे लागते. पहिल्या खेपेला वेदना नीट आवरली गेली नाही, तर पुढच्या खेपेला मूल खोलीच्या दारातच रडू लागते. डोळ्यांवर हेडसेट लावून खेळायच्या व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीच्या खेळांचा पहिला उपयोग या दाराशी होतो.

वेदना जाणवायला लक्ष लागते आणि लक्ष मर्यादित असते; ते खेळात गुंतले की वेदनेसाठी कमी उरते. या तत्त्वावर सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी १९९६ मध्ये भाजलेल्या रुग्णांसाठी काम सुरू केले. त्यांच्या ‘स्नोवर्ल्ड’ या खेळात रुग्ण बर्फाळ दरीतून जाताना हिममानवांवर आणि पेंग्विनवर बर्फाचे गोळे फेकतो. तिकडे त्याच्या जखमेची मलमपट्टी चालू असते.

कर्करोगग्रस्त मुलांवरचा एक सुरुवातीचा अभ्यास २००४ चा. पोर्टमध्ये सुई घालताना ५९ मुलांच्या तीन गटांची तुलना झाली. एका गटाने हेडसेटमधून गोरिलांचे आभासी प्राणिसंग्रहालय पाहिले, दुसऱ्याने तेच संगणकाच्या पडद्यावर पाहिले आणि तिसऱ्याला नेहमीचीच सेवा मिळाली. नेहमीच्या सेवेच्या तुलनेत हेडसेटच्या गटात नाडीची गती आणि परिचारिकांनी नोंदवलेली वेदना कमी होती. त्याआधी २००२ मध्ये ३० किशोरवयीन रुग्णांना मणक्यातले पाणी काढताना चष्म्यातून चित्रफीत दाखवली गेली. तिथे वेदनेतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. असे अभ्यास लहान असतात आणि हेडसेट कोणाला लावला हे लपवता येत नाही. म्हणून हेडसेट हा सुन्न करणाऱ्या मलमाचा किंवा गुंगीच्या औषधाचा पर्याय नव्हे. तो त्यांचा जोडीदार आहे.

खेळ निवडताना आधी मुलाची स्थिती पाहावी. मणक्यातले पाणी काढताना मूल कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजलेले असते. मान वळवून मागे पाहायला लावणारा खेळ तिथे कामाचा नाही. नजरेने किंवा एका अंगठ्याने खेळता येईल असाच हवा. सलाईन लावलेल्या हातात कंट्रोलर देऊ नये. हेडसेट सुईच्या काही मिनिटे आधी लावावा, म्हणजे मूल खेळात रमते. मात्र सुई टोचणार आहे हे त्याला आधी सांगितलेले असावे. हेडसेटआड फसवून टोचले, तर पुढच्या वेळी मूल हेडसेटलाच घाबरते. काही मुलांना सुई डोळ्यांनी पाहिली की धीर येतो; त्यांच्यावर सक्ती नको.

पांढऱ्या पेशी घटलेल्या मुलांमध्ये एकच हेडसेट फिरवणे धोक्याचे आहे. पुसता येणारे आवरण, प्रत्येक मुलानंतर निर्जंतुकीकरण आणि त्याची लेखी नोंद आवश्यक. फिट्स येणाऱ्या किंवा मेंदूतला दाब वाढलेल्या मुलाला हेडसेट लावण्याआधी डॉक्टरांची परवानगी घ्यावी. किमोमुळे मळमळत असेल, तर वेगाने फिरणारी दृश्ये टाळावीत.

दुसरा उपयोग बरे होतानाचा. विन्क्रिस्टीन या किमोच्या औषधामुळे पायांच्या नसा दुर्बल होतात, चालताना पाऊल लोंबते आणि मूल खेळायचे सोडून देते. हात उंचावून फुगे फोडणे, तोल सावरत वस्तू पकडणे अशा खेळांतून कंटाळवाणा व्यायाम गोडीने होतो. हेडसेट लावल्यावर जमीन दिसत नाही, म्हणून सुरुवात बसून आणि फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करावी. प्लेटलेट कमी असतील, तर उभ्याने खेळणे टाळावे.

प्रत्येक वापराआधी आणि नंतर वेदना व भीती चेहऱ्यांची चित्रे असलेल्या मोजपट्टीवर नोंदवावी. कोणत्या प्रक्रियेला आणि कोणत्या वयाला कोणता खेळ उपयोगी पडतो, हे वॉर्डाला त्या नोंदींवरून ठरवता येते.