घरात लिफ्ट बसवताना

दुमजली घरातील वृद्धांना जिना झेपेनासा झाला, की कुटुंबीय लिफ्टचा विचार करू लागतात. यंत्राची निवड हा अभियंत्याचा प्रांत खरा. परंतु त्या लिफ्टमधून कोण आणि कोणत्या अवस्थेत जाणार, हे वैद्यकाने सांगितलेले बरे.

आजच्या प्रकृतीवरून निवड करू नये. आज काठी टेकत चालणारी व्यक्ती खुब्याचे हाड मोडल्यास किंवा पक्षाघातानंतर चाकांच्या खुर्चीवर येऊ शकते. माझ्या एका रुग्ण आजींच्या घरी हवेच्या दाबावर चालणारी गोल, पारदर्शक लिफ्ट होती. खड्डा लागत नाही, तोडफोड कमी, दिसायलाही देखणी. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर आजी घरी परतल्या, तेव्हा खुर्ची तिच्यात मावेना. चौघांनी खुर्चीसह उचलून त्यांना वर नेले आणि पुढे तपासणीसाठी खाली आणणे प्रत्येक वेळी लांबणीवर पडत गेले.

म्हणून टेप घेऊन स्वतः मोजावे. नेहमीची चाकांची खुर्ची सुमारे 65 सेंटीमीटर रुंद व पाय ठेवण्याच्या पट्ट्यांसह सुमारे 110 सेंटीमीटर लांब असते. दरवाजाची मोकळी रुंदी 80 सेंटीमीटरपेक्षा कमी नसावी, 90 असल्यास उत्तम. खुर्ची ढकलणाऱ्यालाही आत उभे राहायचे असते, हे बहुतेक जण विसरतात. कंप सुटलेल्या हातांना जाळीचा दरवाजा ओढवत नाही, शिवाय त्यात बोटे सापडतात. आपोआप सरकणारा दरवाजाच घ्यावा.

तेलाच्या दाबावर चालणारी हायड्रॉलिक लिफ्ट दोन-तीन मजल्यांना पुरते आणि वीज गेल्यास सावकाश खाली उतरवता येते. दोरांवरची लिफ्ट वीज कमी खाते. मात्र वीज जाताच जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडणारी बॅटरीची यंत्रणा तिला हवीच. अंधारात अडकलेल्या हृदयरुग्णाची अवस्था निराळी सांगायला नको. जिन्यालगत रुळावरून सरकणारी खुर्ची स्वस्त पडते, पण तिच्यावर स्वतः बसता-उठता आले पाहिजे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला तिच्यावर एकटे सोडू नये.

महाराष्ट्रात लिफ्टसाठी विद्युत निरीक्षकांची परवानगी लागते. ती विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर सोडू नये.

आणि हे सारे करण्याआधी तळमजल्यावरची खोली एकदा पाहावी. तिच्याशेजारी कमोड असलेले शौचालय व भिंतीला धरायचे दांडे बसवता आले, तर पुष्कळ घरांत लिफ्टची गरजच उरत नाही.