गळ कुणाचा, जळ कुणाचे?

मोठ्या जलाशयांवर गळाने मासे पकडण्याचा खेळ वाढवावा, त्यातून पर्यटन फुलेल, असे अलीकडे उत्साहाने सांगितले जाते. मासा पकडायचा, छायाचित्र काढायचे आणि पुन्हा पाण्यात सोडायचा; यात कुणाचे काय बिघडते, असा सवालही केला जातो. बिघडते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम माशाचे. दीर्घ झुंजीने थकलेला, पाण्याबाहेर गुदमरलेला मासा सोडल्यावर जगेलच असे नाही. एका जिवाची तडफड ज्याला करमणूक वाटते, त्याने तिला दयेचे नाव तरी देऊ नये.

दुसरे नदीचे. कावेरीच्या खोऱ्यात १९४६ साली १२० पौंडांचा महाशीर गळाला लागला आणि हौशी मंडळींत त्या पाण्याची कीर्ती झाली. तो तिथला कुबडा महाशीर. पुढे माशांची संख्या वाढावी म्हणून लोणावळ्यात वाढवलेली निळ्या परांच्या महाशीराची बोटुकली तिथे सोडण्यात आली. पाहुणा घरधनी झाला. २०१८ साली कुबड्या महाशीराची नोंद अतिसंकटग्रस्त जातींत झाली. हे एकमेव कारण नव्हे. पण सद्‌हेतूला अज्ञानाची जोड मिळाली की काय होते, हे त्यातून दिसावे.

तिसरे माणसाचे. मुळशीचे पाणी पाहताना १९२१चा सत्याग्रह आणि सेनापती बापट कसे विसरावेत? मावळ्यांची भातखाचरे त्या पाण्याखाली गेली. अशा कोणत्याही जलाशयावर धरणग्रस्ताचे जाळे 'चोरी' आणि पाहुण्याचा गळ 'क्रीडा' ठरत असेल, तर तो न्याय नव्हे.

कावेरीकाठच्या हौशी मंडळींनी सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांना आळा घातला, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. परंतु राखणदाराने मालक होऊ नये. पाण्यावर पहिला हक्क विस्थापितांचा असावा. बाहेरची जात सोडू नये. गळ बिनआकड्याचा असावा. आणि पावसाळ्यात, महाशीर अंडी घालण्यासाठी ओढ्यांकडे चढतो तेव्हा, गळ घरीच राहावा. आमचे कोळी बांधव त्या दिवसांत होड्या किनाऱ्याला ओढून ठेवतातच ना?

महाडजवळ वाळणकोंडीत ग्रामस्थ देवीचे म्हणून महाशीर राखतात. त्यांच्या हाती ना गळ, ना छायाचित्र. तरीही मासा आहे. किंबहुना, म्हणूनच आहे.