बाळूंच्या हाती बॅट कोणी दिली नाही

मागच्या रविवारी वंदना आटोपून आम्ही विहाराच्या पायऱ्या उतरत होतो. खाली आमच्या वस्तीतल्या एक ताई मुलाला घेऊन उभ्या होत्या. मुलगा सोळा-सतरा वर्षांचा, अंगाने सडपातळ, उन्हाने रापलेला. वडील सातपूरला एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली कामाला आणि ताई स्वतः चार घरची धुणीभांडी करतात.

"जयभीम भाऊ," ताई म्हणाल्या, "ह्याला जरा चार शब्द सांगा. बारावीचं वरीस, आन् हा सकाळ-संध्याकाळ गिराउंडवर. तिथं रोलर वढतो, पाणी मारतो, मग मोठ्या घरच्या पोरांना बॉल टाकत बसतो. थोडेफार पैसे देत्यात. पण त्यात काय जन्माचं पोट भरणार हाये का?"

आम्ही मुलाला विचारले, "कोणत्या हाताने टाकतोस?"

"डाव्या, काका."

"आणि बॅटिंग?"

मुलगा खाली बघायला लागला. "माझी पाळी येत नाही," एवढेच तो बोलला.

ताईंना तेव्हा आम्ही सांगितले की याचे उत्तर दोन वाक्यांत देता येणार नाही, या वेळच्या सदरात देऊ. कारण त्या मुलाचे बोलणे ऐकून आम्हाला सव्वाशे वर्षांपूर्वीचा असाच एक डावखुरा मुलगा आठवला. तोही रोलर ओढत होता, मोठ्या लोकांना चेंडू टाकत होता आणि त्याचीही बॅटिंगची पाळी कधी येत नव्हती. पुढे तो विलायतेला गेला आणि तिथल्या नामांकित फलंदाजांना त्याने बाद केले. त्याचे नाव पालवणकर बाळू. आमच्या घराघरांत हे नाव माहीत असायला हवे, पण ते फारसे माहीत नाही. माहीत नसण्याला एक कारणही आहे. तेही आम्ही लपवणार नाही.

बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडला, चांभार समाजातल्या कुटुंबात झाला. आडनाव कोकणातल्या पालवण गावावरून आलेले. वडील लष्करात नोकरीला असल्यामुळे कुटुंब पुण्याला आले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी-चेंडूंवर बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम हा खेळ शिकले. पहिली नोकरी मिळाली ती पारशी लोकांच्या एका क्रिकेट क्लबात. मैदान झाडायचे, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा आणि सभासदांना हवे तेव्हा चेंडू टाकायचे. पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले. तिथे १ रुपया वाढला, ४ रुपये झाले.

त्या क्लबात ग्रेग नावाचे इंग्रज अधिकारी होते. त्या काळचे मोठे फलंदाज, इंग्लंडमध्ये हॅम्पशायर कौंटीकडून खेळलेले. इतर खेळाडू येण्याआधी येऊन ते तासन् तास बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. बाळूंनी त्यांना बाद केले की दर वेळी ते आठ आणे बक्षीस देत, असे सांगतात. हिशेब करून पाहा. महिन्यात आठ वेळा ग्रेगसाहेबांना बाद केले तर पगाराइतकी कमाई! अशा सरावातून बाळूंच्या बोटांत ती जादू आली. पण इतकी वर्षे चेंडू टाकून त्या क्लबात बाळूंना एकदाही बॅट हातात घेऊ दिली नाही. बॅट ही मानाची वस्तू, चेंडू टाकणे हे राबण्याचे काम. मान एकाचा, राबणे दुसऱ्याचे, ही वाटणी आमच्या वाचकांना वेगळी समजावून सांगायला नको.

पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांच्या संघाला हरवायचे होते. त्यासाठी बाळू हवे होते, पण अस्पृश्याला संघात घ्यायचे कसे? वाद झाला. शेवटी जिंकण्याची हौस सोवळ्यापेक्षा मोठी ठरली आणि बाळूंना घेतले. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सगळे झेलत. तोच चेंडू हातातून हातात फिरे, त्याचा विटाळ होत नसे. पण चहाची वेळ झाली की बाकीचे आत बसून चिनी मातीच्या कपांतून चहा पीत आणि बाळूंना मात्र बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या जागी. बरोबर खेळता तर बरोबर खाता-पिता का नाही, असा सवाल पुढे न्यायमूर्ती रानड्यांनी त्या खेळाडूंना केल्याचे सांगतात. पण हा सवाल करण्याची वेळ आली ती बाळूंनी सामने जिंकून दिल्यावर! गडी बाद केले नसते तर सवालही झाला नसता.

पुढे बाळू मुंबईला आले. रेल्वेत नोकरी मिळाली आणि रेल्वेच्या संघातून व हिंदू जिमखान्याकडून ते खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदूंच्या धावा २४२ आणि १६०, गोऱ्यांच्या १९१ आणि १०२. हिंदू संघ १०९ धावांनी जिंकला. बाळूंनी दोन्ही डावांत मिळून ८ बळी घेतले. राज्य करणाऱ्यांना त्यांच्याच खेळात हरवले म्हणून देशभर कौतुक झाले. त्या कौतुकात एका चांभाराच्या मुलाचा वाटा किती होता, हे त्या दिवशी कोणाला नाकारता आले नाही.

मग आले १९११ साल. सर्व धर्मांच्या खेळाडूंचा पहिला अखिल भारतीय संघ विलायतेला निघाला. कर्णधार होते पतियाळाचे महाराज, वय अवघे १९. संघात बाळू आणि शिवराम हे दोघे भाऊ. महाराज पाहुणचारात आणि राजेसाहेबांच्या राज्यारोहणाच्या समारंभांत गुंतलेले. गोलंदाजीचा भार पडला पस्तिशीच्या बाळूंवर. संघ बहुतेक सामने हरला. प्रथम दर्जाच्या १४ सामन्यांपैकी १० हरले, २ जिंकले, २ अनिर्णित राहिले. पण बाळूंचा हिशेब पाहा. सगळ्या दौऱ्यात मिळून ११४ बळी, सरासरी १८.८६. त्यांपैकी प्रथम दर्जाच्या सामन्यांत ७५. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ बळी. जे दोन सामने जिंकले, त्यांतल्या लीस्टरशायरच्या सामन्यात बाळूंचे ११ बळी होते आणि सॉमरसेटच्या सामन्यात शिवराम यांचे नाबाद शतक.

गोऱ्यांच्या त्या देशात तरी सगळे समान होते का? नाही. तिथे जात नव्हती, पण वर्ग होता. हौशी खेळाडू म्हणजे जमीनदार-सरदारांची मुले आणि पगारी खेळाडू म्हणजे कामगारांची. दोघांच्या कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या, मैदानात उतरायचे दरवाजेसुद्धा वेगळे. धावफलकावर नाव छापण्याची तऱ्हाही वेगळी. बाळूंना लोक 'हिंदुस्थानचा ऱ्होड्स' म्हणत. तो विल्फ्रेड ऱ्होड्स यॉर्कशायरचा पगारी गोलंदाज, जगातल्या उत्तम डावखुऱ्यांपैकी एक, पण त्यालाही त्याच्या कौंटीने कधी कर्णधार केले नाही. इंग्लंडच्या कसोटी संघाचे कर्णधारपद लेन हटन या पगारी खेळाडूकडे आले ते १९५२ साली. हौशी-पगारी हा भेद इंग्लंडने १९६२ साली कायमचा मोडला. म्हणजे राबणाऱ्याने चेंडू टाकायचा आणि बसून खाणाऱ्याने हुकूम करायचा, ही रीत सातासमुद्रापलीकडेही होती. फरक एवढाच की तिथला कामगार गरिबीतून वर आला की ती ओळख पुसता येत होती. इथे जन्माने लागलेला शिक्का ११४ बळी घेऊनही पुसला गेला नाही.

दौऱ्याहून परतल्यावर मुंबईच्या दलित समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या सत्काराचे मानपत्र सादर करणारा एक वीस वर्षांचा तरुण होता. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणारा. त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. बाबासाहेबांचे ते पहिलेच जाहीर दर्शन असावे, असे अभ्यासक म्हणतात. आपल्या माणसाचे मोठेपण बाबासाहेबांनी त्या वयात ओळखले होते, हे ध्यानात ठेवा.

यानंतर कर्णधारपदाचा मामला. मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघात बाळू सर्वांत अनुभवी, पण दरवर्षी कर्णधार दुसराच. १९१३ साली कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी स्वतःच्या सत्कारात सांगितले की हा मान ज्येष्ठ म्हणून बाळूंचा होता. बोलले ते चांगलेच केले. पण मान काही मिळाला नाही. १९२० साली पै आजारी पडले. तेव्हाही बाळूंना डावलून दुसऱ्याला कर्णधार केले, एवढेच नव्हे तर बाळूंना संघातूनच वगळले. त्या वेळी शिवराम आणि विठ्ठल या भावांनी जे केले ते आमच्या मते ११४ बळींपेक्षा मोठे होते. हा जातीमुळे केलेला अन्याय आहे, असे जाहीर पत्रक काढून दोघेही संघाबाहेर पडले. गवगवा झाला. पुढच्या सामन्यात पै परतले, बाळू उपकर्णधार झाले, भाऊ संघात आले. पै यांनी काही वेळ मैदान सोडले तेव्हा संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. तीही काही वेळापुरतीच. पण दार किलकिले झाले होते. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे रीतसर कर्णधार झाले आणि युरोपियनांना हरवून त्यांनी करंडक आणला. विठ्ठलरावांनी पुढे 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र लिहिले. ज्यांना मिळेल त्यांनी जरूर वाचावे.

आता ती अवघड गोष्ट. बाळू पुढे राजकारणात गेले आणि बाबासाहेबांच्या वाटेने गेले नाहीत. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३५ साली आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तिला बाळूंनी विरोध केला. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसने बाबासाहेबांविरुद्ध उमेदवार उभा केला, तो बाळूंनाच. बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनी निवडून आले. ज्या तरुणाने मानपत्र सादर केले होते, त्याच्यासमोर पंचवीस वर्षांनी बाळू प्रतिस्पर्धी म्हणून उभे राहिले. जुलै १९५५ मध्ये मुंबईत बाळूंचे निधन झाले.

यामुळेच आपल्याकडे हे नाव मागे पडले. काही मित्र म्हणतात, अशा माणसाचे गुण कशाला गायचे? आमचे म्हणणे असे की १९३७ चे बाळू चुकले, हे आम्ही स्पष्ट म्हणतो. ज्यांनी त्यांना मातीच्या भांड्यात चहा दिला, त्यांच्या मनपरिवर्तनावर त्यांनी जन्मभर भरवसा ठेवला. पण पुण्याच्या मैदानावर रोलर ओढणाऱ्या त्या मुलाने जे कमावले ते कोणाच्या कृपेने नव्हते. ते त्याच्या दहा बोटांचे होते. त्याचा मान करताना बाबासाहेबांनी हात आखडता घेतला नव्हता. मग आम्ही का घ्यावा? माणसाचे चुकले ते चुकले म्हणावे आणि त्याचे श्रम त्याच्या नावावर जमा ठेवावे. आम्ही कारकून माणसे. जमा आणि नावे एकाच खान्यात लिहायचे नसतात, हे आम्हाला पक्के ठाऊक आहे.

तर ताई, आता तुमच्या मुलाबद्दल.

त्याला खेळू द्या. पण बारावीची परीक्षा सोडू देऊ नका. बाळूंसारख्या गोलंदाजालाही घर चालवायला रेल्वेची नोकरी लागली होती. आज रेल्वे, पोलीस, लष्कर या खात्यांत खेळाडूंची भरती होते, पण तिथेही शिक्षणाची अट असते आणि रीतसर स्पर्धांतल्या कामगिरीचे प्रमाणपत्र लागते. रोलर ओढल्याचे प्रमाणपत्र कोणी देत नाही.

आणि मुला, तुला एक सांगतो. मैदानावर घाम गाळायला लाजू नकोस, पण उद्या गेल्यावर दोन गोष्टी विचार. पहिली, खेळाडू म्हणून माझे नाव नोंदवणार का, सामन्यात खेळवणार का? दुसरी, नेटमध्ये माझी बॅटिंगची पाळी कधी? नम्रपणे विचार, पण विचार. एकदा विचारून झाले नाही तर वडिलांना घेऊन जा. तरीही झाले नाही तर आम्हाला सांग, आम्ही येतो. कामाचे पैसे मिळतात म्हणून पाळी मागायची नाही, असा नियम कुठेही लिहिलेला नाही.

बाळूंच्या बोटांनी मैदानाचे दार उघडले, पण कर्णधाराची खुर्ची मिळाली ती भावांनी 'नाही' म्हटल्यावर. बोटांत कसब हवे आणि तोंडात शब्दही हवा. नुसत्या कसबावर आठ आणे मिळतात.

जयभीम!