पाचशे दिरहमच्या आतला बिघाड

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. रात्रीचे अकरा वाजले होते. दुबईत बाहेर ३५ अंश तापमान, आणि आमच्या बेडरूममध्ये २९. थर्मोस्टॅटवर मात्र २२ हा आकडा निवांत चमकत होता. आई तीन महिन्यांसाठी साताऱ्याहून आली होती. वय ६८, रक्तदाबाच्या गोळ्या चालू. ती हॉलमध्ये ओला पंचा मानेवर ठेवून बसली होती. म्हणाली, "अगं, एक पंखा तरी असता तर! आणि ही खिडकी उघडत का नाही?"

तिचा प्रश्न साधा होता, पण इथल्या घरांबद्दलचं सगळं त्यात आलं. आपल्याकडच्या जुन्या घराला पंखा असतो, समोरासमोर खिडक्या असतात, ओटा असतो, गच्ची असते. एसी बंद पडला तर गैरसोय होते, इतकंच. दुबईतली बहुतेक घरं एसी चालूच राहणार हे गृहीत धरून बांधलेली आहेत. छताला पंखा नाही, काचेच्या खिडक्या जेमतेम वीतभर उघडतात, आणि उघडल्या तरी आत येते ती दमट भट्टीची वाफ. इथे एसी म्हणजे घरातली एखादी वस्तू नव्हे. पाण्याची टाकी, विजेची जोडणी यांच्याच रांगेत तो बसतो.

असं असूनही तो बिघडला की घरमालक आणि भाडेकरू यांच्यात जे संभाषण होतं, ते मात्र नवा मोबाइल घेतल्यासारखं. "गार होत नाही हो." "माणूस पाठवतो." माणूस येतो, गॅस भरतो, हात लावून बघतो, "आता मस्त" म्हणतो आणि जातो. आमच्याकडे जून ते ऑगस्टमध्ये तो तीनदा येऊन गेला. दर वेळी ३५० दिरहम, आणि दर वेळी ते आम्हीच दिले. कारण करारात एक कलम होतं, जे इथल्या असंख्य करारांमध्ये असतं: ५०० दिरहमपर्यंतची दुरुस्ती भाडेकरूची, त्यावरची घरमालकाची.

माझं म्हणणं या एका कलमाबद्दल आहे. वरवर ते न्याय्य दिसतं. बल्ब गेला, नळाचा वायसर बदलायचा, तर घरमालकाला कशाला त्रास? पण एसीच्या बाबतीत हे कलम चुकीच्या दुरुस्तीला बक्षीस देतं. ते कसं, हे समजायला गॅसचं काम काय ते बघावं लागेल.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत असतो. घरातल्या कॉइलमध्ये त्याची वाफ होते आणि तो खोलीतली उष्णता शोषून घेतो. मग कॉम्प्रेसर त्याला दाबतो, आणि गच्चीवरच्या कॉइलमध्ये पुन्हा द्रव होताना तो ती उष्णता बाहेर टाकतो. हे चक्र वर्षानुवर्षं तेवढ्याच गॅसवर चाललं पाहिजे. गॅस कमी झाला याचा अर्थ एकच: कुठेतरी गळती आहे. तेव्हा गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे पंक्चर न काढता ट्यूबमध्ये हवा भरणं.

गळती शोधायची तर नळ्यांमध्ये दाबाने नायट्रोजन भरून ठेवतात, दाब उतरतो का ते बघतात, सांध्यांना साबणाचा फेस लावतात. मग सांधा जोडायचा किंवा कॉइल बदलायची, नळ्या निर्वात करायच्या आणि मोजून गॅस भरायचा. हे अर्ध्या दिवसाचं काम. त्याचं बिल ५०० च्या वरच जाणार, म्हणजे घरमालकाच्या अंगावर. नुसता गॅस भरला तर बिल ५०० च्या आत, म्हणजे भाडेकरूच्या अंगावर. आता सांगा, माणूस पाठवणारा घरमालक त्याला काय करायला सांगेल? तो लबाड असायचीही गरज नाही. करारानेच त्याला स्वस्त आणि निरुपयोगी वाट दाखवली आहे. वर विजेचं बिलही भाडेकरूच भरतो. अर्धमेलं यंत्र दिवसरात्र चालून वीज खात राहिलं, तर त्याची झळ यंत्राच्या मालकाला लागतच नाही.

तिसऱ्या वेळेनंतर मी माझ्या पेशाला शोभेल असं काहीतरी करायचं ठरवलं. उष्णतेवर संशोधन करून पीएचडी मिळवलेली बाई घरात मात्र "गार होत नाही" एवढंच म्हणत होती, याची लाज वाटली. आर्द्रताही दाखवणारे दोन स्वस्त तापमापक आणले. एक हवा आत ओढणाऱ्या जाळीपाशी लावला, दुसरा थंड हवा सोडणाऱ्या जाळीपाशी. धडधाकट यंत्रात या दोन तापमानांमध्ये साधारण ८ ते ११ अंशांचा फरक पडतो. आमच्याकडे तो ४ होता. खोलीतली आर्द्रता ७२ टक्के.

इथे एक खाच आहे, तीही सांगते. हवा फार दमट असेल तर चांगल्या यंत्रातही हा फरक थोडा कमी दिसतो, कारण एसीची बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते. एक लिटर पाण्याची वाफ पुन्हा पाणी होताना साधारण ०.७ युनिट उष्णता सोडते. एक टनाचा एसी तासाला ३.५ युनिट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे तासाला लिटरभर पाणी टपकत असेल, तर एक पंचमांश ताकद त्यातच गेली. ती वाया जात नाही; दमटपणा काढणं हेही एसीचंच काम आहे. विलिस कॅरिअरने १९०२ मध्ये पहिली आधुनिक वातानुकूलन यंत्रणा आखली तीच मुळी ब्रुकलिनच्या एका छापखान्यातला दमटपणा आवरायला, तिथला कागद फुगून रंगांची जुळणी चुकत होती म्हणून. पण आमच्या पाण्याच्या नळीतून जेमतेम थेंब पडत होते. गॅस कमी असला की कॉइलच्या एका कोपऱ्यावर बर्फ जमतो आणि उरलेली कॉइल कोमट राहते. हवा ना नीट गार होते, ना कोरडी.

आणि शरीराला नुसतं तापमान कळत नाही. घाम सुकला तरच अंग थंड होतं, आणि दमट हवेत घाम सुकत नाही. उष्णता आणि आर्द्रता एकत्र मोजणारं ओल्या फडक्याचं तापमान ३५ अंशांवर गेलं की माणसाचं शरीर स्वतःला थंड ठेवू शकत नाही, असं गणित २०१० मध्ये मांडलं गेलं. २०२२ मध्ये अमेरिकेत तरुण, निरोगी माणसांवर प्रयोग झाले, तेव्हा दमट हवेत ही मर्यादा ३१ च्या आसपासच निघाली. आमच्या घरातलं हे तापमान २५ होतं, म्हणजे जिवावर बेतणारं नव्हतं. मला आक्रस्ताळेपणा करायचा नाही. पण उतारवयात घाम कमी येतो, तहान उशिरा लागते, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या शरीरातलं पाणी कमी करतात. आईच्या तीन आठवड्यांच्या अर्धवट झोपेची किंमत ३५० दिरहमच्या पावतीवर कुठे दिसत नाही.

कायदा काय म्हणतो? दुबईच्या २००७ च्या २६ क्रमांकाच्या कायद्याचं सोळावं कलम सांगतं की घराच्या वापरात अडथळा आणणारे दोष दुरुस्त करणं घरमालकाची जबाबदारी आहे. फक्त सुरुवातीला चार शब्द आहेत: 'अन्यथा ठरलं नसेल तर'. आपण न वाचता सही केलेलं ५०० दिरहमचं कलम म्हणजे तेच 'अन्यथा'. वाद झालाच तर २०१३ पासून भाडेतंटा केंद्र आहे, पण चार महिन्यांच्या उन्हाळ्यात तिथे जाण्याची उमेद किती जणांना असते?

या कायद्यात नाही तो आकडा. न्यूयॉर्कमध्ये १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात दिवसा बाहेर ५५ फॅरनहाइटच्या खाली गेलं, तर घरमालकाने घरात किमान ६८, म्हणजे २० अंश सेल्सिअस राखायचे असतात. वाळवंटातल्या फिनिक्स शहराचा नियम उलट्या बाजूने तेच सांगतो: भाड्याच्या घरातल्या एसीने घर ८२ फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २८ अंशांपर्यंत तरी थंड ठेवलं पाहिजे. उन्हाळ्यात १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद, हा अमिरातीतलाच नियम. उष्णतेला घड्याळ आणि कॅलेंडर लावता येतं हे या देशाला चांगलं माहीत आहे. मग ते घराच्या आत का लावू नये?

सरकारने करावं तेव्हा करावं. तोवर करार नवा करताना तीन गोष्टी लिहून घ्या, असं माझं सुचवणं आहे. एक, आकडा: उन्हाळ्यात थर्मोस्टॅट २४ वर असताना बेडरूम २६ अंशांच्या आणि ६० टक्के आर्द्रतेच्या आत यावी. दोन, वेळ: तक्रारीनंतर २४ तासांत तपासणी, ७२ तासांत दुरुस्ती, नाहीतर तात्पुरता एसी. तीन, सर्वांत महत्त्वाचं: एकाच मोसमात तोच बिघाड पुन्हा आला तर सगळी बिलं मिळून एक बिघाड धरायचा. ५०० ची मर्यादा एका भेटीला नव्हे, एका कारणाला.

"भाडेकरू दारं उघडी टाकून एसी चालवतात, त्याचं काय?" हा घरमालकांचा प्रश्न रास्त आहे. त्यालाही उत्तर आकडाच देतो. दोन जाळ्यांमधला फरक १० अंश असेल आणि तरी खोली तापत असेल, तर दोष यंत्राचा नाही. आणि ज्यांना स्वतःच्या खर्चापलीकडचं बघायचं आहे त्यांच्यासाठी: सर्रास वापरला जाणारा आर-४१०ए हा गॅस शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजार पटींहून जास्त तापमानवाढ घडवतो. गळक्या नळीत भरलेला प्रत्येक किलो शेवटी हवेतच जातो.

मी आठवड्याभराच्या नोंदी घरमालकांना पाठवल्या आणि एकच विनंती केली: या वेळी गॅस नको, गळती तपासा. सांधा सापडला. बिल १,८०० दिरहम आलं आणि त्यांनी ते दिलं. फोनवर म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंत?" मी सांगतच होते, फक्त मोजून सांगत नव्हते.

इथे लेख संपवला असता, तर मी सोयीस्कर खरं सांगितलं असं झालं असतं. कारण इथे मी भाडेकरू असले तरी पुण्यात कोथरूडला आमचा एक फ्लॅट आहे आणि तिथे मी घरमालकीण आहे. त्याच्या आदल्या डिसेंबरात तिथल्या भाडेकरू ताईंचा मेसेज आला होता, "गिझर लावला की ईएलसीबी पडते." मी इथून उत्तर दिलं, "तोवर दुसरा बाथरूम वापरा, बघते." ते बघायला मला तीन आठवडे लागले. घरातली ईएलसीबी साधारण ३० मिलिअँपिअर वीज भलत्या वाटेने जायला लागली की पडते. म्हणजे त्या मला गैरसोय सांगत नव्हत्या, गिझरमध्ये वीज गळतेय हे सांगत होत्या. आकडा माझ्यासमोर होता, आणि तो वाचायचं शिक्षणही माझ्याकडे होतं.

परदेशात राहणाऱ्या आपल्यापैकी बरेच जण असेच दोन्ही बाजूंना आहेत. म्हणून कोथरूडच्या करारातही आता ती तीन कलमं घातली आहेत. तापमानाच्या जागी गिझर आणि ईएलसीबी आहे, आणि ७२ तासांचं घड्याळ माझ्यावर चालतं.