फॉलिकल्स मोजून झाले असतील तर

पीसीओएस म्हटलं की आपल्याकडे तीनच विषय निघतात: पाळी, वजन आणि मूल. (काकूमंडळींकडे चौथा असतो, हनुवटीवरचे केस.) मला एकविसाव्या वर्षी निदान झालं. तेव्हापासून माझ्या तीन शहरांत चार गायनॅक झाल्या. सोनोग्राफी प्रत्येकीने करायला लावली. झोप लागते का, सकाळी उठावंसं वाटतं का, हे एकीनेही विचारलं नाही. "लग्न झालं की सगळं लायनीवर येईल," हे मात्र दोघींनी सांगितलं.

कुणी म्हणेल, मनाचं बघणं हे गायनॅकचं काम नाही. आहे. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या पुढाकाराने २०२३ साली आलेली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात, की पीसीओएस असलेल्या प्रत्येक प्रौढ बाईची नैराश्य आणि चिंतेसाठी तपासणी व्हावी. प्रत्येक. रडत आलेल्यांचीच नव्हे.

दुसरं ठरलेलं उत्तर: "वजन कमी कर, मूडही सुधारेल." व्यायामाने बरं वाटतं, मी नाकारत नाही. पण सारख्याच वजनाच्या बायकांची तुलना केली तरी पीसीओएस असलेल्यांमध्ये नैराश्य जास्त आढळतं. मग सगळं खापर वजनकाट्यावर का? या आजारात झोपेत श्वास अडकण्याचा त्रासही जास्त असतो. रात्रभर झोपच नीट झाली नाही, तर दुपारी स्वतःच लिहिलेला कोड परका वाटणारच. त्याला आळस म्हणून मोकळं होणं सोपं आहे.

आता मेंदूचं. २०२४ साली 'न्यूरॉलॉजी'मध्ये एक अमेरिकन अभ्यास आला. ९०७ बायका, ३० वर्षांचा पाठपुरावा. 'लाल' हा शब्द निळ्या शाईत लिहिलेला असताना शाईचा रंग सांगायचा, अशा चाचणीत पीसीओएस असलेल्यांचे गुण सरासरी ११ टक्क्यांनी कमी आले. पण त्या होत्या फक्त ६६, आणि त्यांचं निदान डॉक्टरांनी केलेलं नव्हतं. हार्मोन्सची पातळी आणि त्यांनी स्वतः सांगितलेली लक्षणं यांवरून ठरवलेलं होतं. एवढ्यावर "पीसीओएसने मेंदू सडतो" असं रील बनवून खाली पावडरची लिंक चिकटवणाऱ्यांचा मला त्या गायनॅकपेक्षा जास्त राग येतो. उद्या एखादा मॅनेजर हेच वाक्य अप्रेझलला वापरेल. सरासरीतल्या फरकावरून समोरच्या एका बाईबद्दल काहीही ठरत नाही, हे डेटावर पोट भरणाऱ्या आमच्या क्षेत्राला तरी कळायला हवं.

मागणी फार मोठी नाही. पीएचक्यू-९ ही प्रश्नावली मराठीत फुकट मिळते. नऊ प्रश्न, दोन-तीन मिनिटं. वेटिंग रूममध्ये गोंडस बाळांचे फोटो बघत आम्ही तशाही तासभर बसलेल्या असतो. शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल आहे. त्याला 'हो' आलं तर काय करायचं, हे कागद हातात देण्याआधी ठरलेलं हवं. त्याच दिवशी भेटू शकेल अशा मानसोपचारतज्ज्ञाचा नंबर रिसेप्शनवर हवा.